पाऊस गेला कुठे?

सदर : बाईंचा तास



आज तुम्हांला एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. चोरी कशाची? पैशांची नाही, पुस्तकांची नाही, डब्यातल्या लाडवांची तर नाहीच नाही. चोरी पावसाची! आमच्या शाळेतून चक्क साठ दिवसांचा पाऊस नाहीसा झाला. चोर काही सापडला नाही, कारण चोर नव्हताच. पण मी मात्र घाईघाईनं एका मुलीकडे बोट दाखवून मोकळी झाले. ते बोट अजून मलाच टोचतं. म्हणून हा आजचा तास.

आमची शाळा घाटाखाली आहे. पाऊस म्हणजे काय, हे आमच्या मुलांना शिकवावं लागत नाही. जूनमध्ये एकदा लागला की कौलांवर असा ताशा वाजतो, की पाढे म्हणायचे तर ओरडून म्हणावे लागतात. सहा वर्षांपूर्वी मुलांनीच ठरवलं, नुसता "लई पाऊस, लई पाऊस" म्हणण्यापेक्षा आपण तो मोजू या. प्लास्टिकची सरळ बाजूची बाटली घेतली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली. झाला पर्जन्यमापक! रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, नोंद करायची, बाटली रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवायची. साडेआठच का? तर आपल्या देशाच्या हवामान खात्याची केंद्रंही रोजच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठलाच करतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता तुमच्या अंगणाचा हिशोब तुम्ही करा!

ही नोंद आम्ही ठेवायचो शाळेच्या जुन्या संगणकावर. त्यावर एक छोटासा प्रोग्रॅम होता. एका हौशी पालकांनी २००० सालच्या सुमारास शाळेला करून दिलेला. दिसायला अगदी साधा. राखाडी चौकट, तारीख, आकडा आणि "नोंद करा" असं बटण. पण इमानी. नोंद केली की तो स्वतःहून त्यापुढे वेळही टाकायचा. पाच पावसाळे त्यानं सांभाळले होते.

या जूनमध्ये देणगीतून नवाकोरा संगणक आला. जुन्यावर विंडोज एक्सपी होतं, नव्यावर विंडोज ११. मोठ्या बाईंनी सांगितलं, "मुलांच्या हाती सगळं देऊ नका." म्हणून नव्या संगणकावर दोन खाती केली. एक "शिक्षक", ते माझं. त्याला सगळे अधिकार. दुसरं "विद्यार्थी", ते मुलांचं. त्याला कामापुरते अधिकार. जुना प्रोग्रॅम त्याच्या चकतीवरून नव्या संगणकावर चढवला, पाच वर्षांच्या नोंदी पेन ड्राइव्हवरून आणून ठेवल्या. उघडून पाहिलं, सगळं जिथल्या तिथे. मी खूश!

पावसाची जबाबदारी दिली सातवीतल्या एका मुलीला. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला सुमी म्हणू. सुमी बोलायला कमी, पण कामाला पक्की. घर शाळेच्या मागेच. रविवारीसुद्धा कुंपणावरून उडी मारून यायची, बाटली मोजून जायची आणि तो आकडा सोमवारी भरायची. १६ जूनपासून रोज तिचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात दिसायचा. "काल ६४", "काल ११२". दुसऱ्या दिवशी फळा पुसला जायचा आणि नवा आकडा यायचा. संगणकात काय भरलंय, ते मी उघडून कधी पाहिलंच नाही. कशाला पाहू? सुमी भरत होती ना.

चौदा ऑगस्टची दुपार

स्वातंत्र्यदिनाला पावसाचा मोठा तक्ता लावायचा, असं ठरलं होतं. सहा वर्षांचा पाऊस, सहा रंगांत. चौदा तारखेला दुपारी मी माझ्या खात्यातून प्रोग्रॅम उघडला. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं... आणि सहावं?

कोरं! जून कोरा, जुलै कोरा, ऑगस्ट कोरा.

मी पुन्हा उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. संगणक बंद करून चालू केला. काही नाही. शेवटची नोंद गेल्या सप्टेंबरची.

मुलांनो, त्या दिवशी माझी अक्कल कुठे गेली होती देव जाणे. बाहेर पाऊस, आत कवायतीची गडबड, वर तक्त्याची घाई. मी सुमीला वर्गासमोर उभं केलं.

"सुमे, नोंदी कुठायत?"

"भरल्यात बाई. रोज भरल्यात."

"मग गेल्या कुठे? पावसात वाहून गेल्या?"

सगळा वर्ग हसला. सुमी हसली नाही. ती म्हणाली, "बाई, मी दाखवू का?" मी म्हटलं, "आता काय दाखवणार? मी बघितलंय ना!" आणि तिच्याकडून ते काम काढून घेऊन चौथीतल्या एका मुलाला दिलं.

पंधरा तारखेला तक्ता लागला. पाच रंगांचा. सहाव्याची जागा पांढरी. सुमी झेंड्याला आली, शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि खाऊ न घेता घरी गेली.

"बाई, पाऊस सापडला!"

दुसऱ्या दिवशी चौथीतला आमचा नवा पाऊस-मंत्री संगणकापाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "बाई, पाऊस सापडला!"

मी धावत गेले. पाहते तो काय, पडद्यावर साठच्या साठ नोंदी! १६ जून ते १४ ऑगस्ट, एकही दिवस चुकलेला नाही.

खरं सांगू? तेव्हाही माझ्या मनात वाईटच आलं. वाटलं, काल सगळे मैदानात असताना सुमीनं गुपचूप येऊन आकडे भरले असतील. पण प्रोग्रॅम नोंदीपुढे वेळ टाकतो, हे आठवलं. पाहिलं, तर १६ जून, आठ वाजून चौतीस मिनिटं. १७ जून, आठ एकतीस. सोमवारी दोन-दोन नोंदी, कारण एक रविवारची. साठ दिवसांच्या सकाळी तिथे ओळीनं उभ्या होत्या. माझी मान खाली गेली.

आणि मग गंमत पाहा. मी "विद्यार्थी" खातं बंद करून माझं खातं उघडलं. तोच संगणक, तोच प्रोग्रॅम, तेच चित्र. पण पाऊस पुन्हा गायब! "विद्यार्थी"मध्ये आहे, "शिक्षक"मध्ये नाही. हा काय चमत्कार?

तालुक्याच्या गावी आमचा एक माजी विद्यार्थी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. मुलं त्याला दादा म्हणतात. त्याला फोन केला. तो संध्याकाळी रेनकोट निथळत आला. त्यानं आधी प्रोग्रॅमची मूळ घडी उघडली, म्हणजे त्याचं फोल्डर, आणि पावसाच्या फाइलवरची तारीख पाहिली. गेल्या सप्टेंबरची! म्हणजे या फाइलला यंदा कुणी हातच लावला नव्हता. मग त्यानं त्याच नावाची फाइल सगळ्या संगणकात शोधायला सांगितली, लपवलेल्या कप्प्यांसकट. थोड्या वेळानं पडद्यावर एक नाही, दोन फाइली उभ्या राहिल्या. एक "प्रोग्रॅम फाइल्स" या कप्प्यात. दुसरी "विद्यार्थी" खात्याच्या आत, "ॲपडेटा", त्याच्या आत "लोकल", त्याच्या आत "व्हर्च्युअलस्टोअर" नावाच्या आडजागेत. सुमीचा पाऊस तिथे बसला होता, सुखरूप.

"पण दादा, सुमीताई तर नेहमीच्याच ठिकाणी भरत होती!" मुलं म्हणाली.

दादा हसला. "तिला तसं वाटत होतं. प्रोग्रॅमलाही तसंच वाटत होतं. संगणकानं दोघांनाही कळू दिलं नाही."

शिपाईमामांची युक्ती

दादानं जे सांगितलं, ते मी तुम्हांला आपल्या शाळेच्या भाषेत सांगते.

समजा, ऑफिसात एक मोठं रजिस्टर आहे. नियम असा, की ते कुणीही वाचावं, पण त्यात लिहायचं फक्त मोठ्या बाईंनी. दारात शिपाईमामा बसलेत. एक आजोबा येतात. पूर्वी ते रोज येऊन रजिस्टरमध्ये स्वतः लिहीत असत, तेव्हा असा नियमच नव्हता. आता मामा काय करतील? "नाही" म्हटलं, तर आजोबा गोंधळतील, तिथेच बसकण मारतील. म्हणून मामा एक युक्ती करतात. रजिस्टरची झेरॉक्स काढतात आणि तीच आजोबांपुढे ठेवतात. आजोबा तिच्यात लिहितात, खूश होऊन जातात. ती प्रत मामा आजोबांच्याच पिशवीत ठेवतात. उद्या आजोबा पुन्हा आले, की मूळ रजिस्टर न देता पिशवीतली प्रत काढून देतात. आजोबांना वाटतं, आपण रजिस्टरातच लिहितोय. पण मोठ्या बाई मूळ रजिस्टर उघडतात, तेव्हा त्यात आजोबांचं एक अक्षरही नसतं!

आपला जुना प्रोग्रॅम म्हणजे ते आजोबा. "प्रोग्रॅम फाइल्स" म्हणजे ऑफिस. शिपाईमामा म्हणजे विंडोज. आणि आजोबांची पिशवी म्हणजे व्हर्च्युअलस्टोअर. प्रत्येक खात्याची पिशवी वेगळी, म्हणून सुमीच्या नोंदी माझ्या खात्यात दिसेनात. मूळ फाइलची प्रत काढूनच तिच्यात लिहिलं गेलं होतं, म्हणून मुलांना आधीची पाच वर्षंही दिसत होती आणि शंका यायला जागाच नव्हती.

ही युक्ती सगळ्यांसाठी नाही, बरं का. नवे प्रोग्रॅम येतानाच एक चिठ्ठी घेऊन येतात, "मला इतके इतके अधिकार हवेत" अशी. त्यांना मामा स्पष्ट हो किंवा नाही सांगतात. ज्यांच्याजवळ अशी चिठ्ठी नसते, अशा जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमांसाठीच ही झेरॉक्सची सोय.

मग दादानं आणखी एक प्रयोग दाखवला. "विद्यार्थी" खात्यातच प्रोग्रॅमच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबली आणि "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडलं. म्हणजे, "याला मोठ्या बाईंच्या अधिकारानं चालव." संगणकानं माझा पासवर्ड विचारला. मी टाकला. प्रोग्रॅम उघडला आणि पाऊस गायब! मुलं तर टाळ्याच पिटायला लागली. का झालं असं? कारण ज्याच्या हाती मोठ्या बाईंचा अधिकार आला, त्याला झेरॉक्स कशाला? मामा त्याला थेट मूळ रजिस्टर देतात. आणि मूळ रजिस्टर तर कोरं!

कितीतरी लोक जुना प्रोग्रॅम अडला, की हाच उपाय करतात. प्रोग्रॅम चालतो, पण आदल्या दिवसापर्यंतचं काम दिसेनासं होतं. मग "व्हायरस आला, सगळं पुसलं" म्हणून रडारड. पुसलेलं काही नसतं. पिशवीत असतं.

पूर्वी कुलपं का नव्हती?

तुम्ही विचाराल, बाई, हे नियम आले कुठून?

फार पूर्वी संगणक खोलीएवढे मोठे आणि महाग. एकच संगणक पुष्कळ जण मिळून वापरायचे. एकानं दुसऱ्याचं काम बिघडवू नये, म्हणून तिथे कुलूपकिल्ली आली. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला सुरुवात केली. त्यात सगळ्यांची खाती वेगळी आणि सर्वाधिकार फक्त "रूट" नावाच्या एका खात्याला. १९७५ साली साल्टझर आणि श्रोडर या दोन तज्ज्ञांनी एक लेख लिहिला. त्यातलं एक तत्त्व आजही सगळे मानतात. ते असं, की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, जास्त नाहीत.

पण घरातला संगणक आला, तेव्हा हे सगळं मागे पडलं. एक घर, एक संगणक, कुणापासून कुलूप लावायचं? विंडोज ९५ आणि ९८ यांत तर गंमतच होती. घरच्या संगणकावर सुरुवातीला पासवर्ड विचारायचा, पण "रद्द" दाबलं तरी माणूस आत! २००१ साली विंडोज एक्सपी आलं. त्यात चांगली कुलपं होती. पण घरोघरी लोक मुख्य खात्यातूनच सगळी कामं करत. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली दारालाच लटकलेली!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली. आपली फाइल ठेवायची कुठे? प्रोग्रॅमच्याच कप्प्यात. आमच्या त्या हौशी पालकांनीही तेच केलं. त्यांची चूक कशी म्हणावी? त्या काळी बहुतेक सगळे तसंच करत.

आता यात धोका काय? तर तुम्ही जो प्रोग्रॅम चालवता, त्याला तुमचेच अधिकार मिळतात. तुम्ही घराचे मालक, तर तुम्ही आत घेतलेला पाहुणाही मालकासारखा वावरतो. तो पाहुणा चोर निघाला तर? मे २००० मध्ये "आय लव्ह यू" असं लिहिलेलं ई-पत्र जगभर फिरलं. सोबतची फाइल लोकांनी विश्वासानं उघडली आणि त्यातल्या दुष्ट प्रोग्रॅमनं त्यांच्या फाइली बिघडवल्या, वर त्यांच्या ओळखीच्यांनाही तेच पत्र धाडलं.

म्हणून जानेवारी २००७ मध्ये सगळ्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये नवी शिस्त आली. तुम्ही मुख्य खात्यात असलात, तरी रोजच्या कामाला साधीच किल्ली. मोठी किल्ली खिशात. ती लागणार असेल, तर संगणक थांबतो, पडदा काळवंडतो आणि चौकट विचारते, "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?" पडदा उगाच काळवंडत नाही हं! त्या वेळी दुसरा कुठलाही प्रोग्रॅम त्या चौकटीतलं "होय" गुपचूप दाबू शकत नाही. दाबायचं ते माणसानंच. तुम्ही साध्या खात्यात असाल, तर "होय" पुरत नाही, मोठ्यांचा पासवर्डच लागतो.

सुरुवातीला ही चौकट इतक्यांदा यायची, की लोक वैतागले. काहींनी ती बंदच करून टाकली. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये ती कमी झाली आणि किती वेळा विचारायचं हे ठरवायला चार पायऱ्यांची पट्टी आली.

आणखी एक मजा सांगते. चिठ्ठी नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमच्या नावात "सेटअप", "इन्स्टॉल" किंवा "अपडेट" असा इंग्रजी शब्द असला, तर विंडोज समजतं, हा काहीतरी बसवायला आलाय. आणि मोठी किल्ली मागतं. हातात करवत दिसली, की मामांनी त्याला सुतार समजावं, तसंच! आमच्या गणिताच्या एका जुन्या खेळाच्या फाइलच्या नावात "अपडेट" होतं. तो उघडला, की दर वेळी माझा पासवर्ड मागायचा. दादानं नाव बदललं, खेळ मुकाट्यानं चालू!

मग दुरुस्ती काय केली?

दादानं पहिलं काम केलं ते दोन्ही फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेण्याचं. "बाई, औषध देण्याआधी प्रत," तो म्हणाला. मी ते फळ्यावर लिहून ठेवलंय.

मग त्यानं "प्रोग्रॅम फाइल्स"च्या बाहेर "पाऊस" नावाचं नवं फोल्डर केलं, प्रोग्रॅम तिथे हलवला आणि व्हर्च्युअलस्टोअरमधली सुमीची फाइल तिथे ठेवली. त्या एकाच फोल्डरमध्ये दोन्ही खात्यांना लिहायची परवानगी दिली. आता रजिस्टर ऑफिसात नाही, वर्गातल्या टेबलावर आहे. मुलांनी भरलेलं मला दिसतं, मी भरलेलं मुलांना. मोठी किल्ली कुणालाच लागत नाही.

मी विचारलं, "अरे, ती विचारणारी चौकटच बंद करून टाकली असती, तर सोपं नव्हतं का?"

"बाई, एका आजोबांसाठी शाळेची सगळी कुलपं काढायची का?" तो म्हणाला.

मी गप्प बसले. कधीकाळी मी त्याला ओरडायचे, आता तो मला शिकवून गेला. बरं वाटलं.

माझी दुरुस्ती

संगणकाची दुरुस्ती तासाभरात झाली. माझी राहिली होती.

मी संध्याकाळी सुमीच्या घरी गेले. ती ओसरीवर दप्तर वाळवत बसली होती. आई आतून आली, "बाई, या की, चहा ठेवते," म्हणाली. मी सुमीला म्हटलं, "सुमे, तुझ्या साठही नोंदी सापडल्या. तू बरोबर होतीस. मी चुकले."

ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, हे वर्गात सांगाल?"

सांगितलं. दुसऱ्या दिवशी, प्रार्थना झाल्याबरोबर. जेवढ्या मुलांसमोर ओरडले होते, तेवढ्याच मुलांसमोर, उलट थोड्या जास्तच. सांगताना घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला बोलू! मग विचारलं, "सुमे, पावसाचं काम पुन्हा घेशील?"

तिनं वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : १५ ऑगस्ट, ३८. १६ ऑगस्ट, ७१. १७ ऑगस्ट, २०.

काम काढून घेतलं होतं तरी ती रोज येऊन मोजून गेली होती. झेंड्याच्या दिवशीसुद्धा.

मुलांनो, त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. माझ्या खात्याला सगळे अधिकार होते. पण सगळे अधिकार असले म्हणजे सगळं दिसतं असं नाही. उलट माझ्या खात्यात मला मूळ कोरी फाइल दिसत होती आणि खरी भरलेली फाइल साध्या खात्यात होती. सुमी म्हणाली होती, "मी दाखवू का?" मी तिथेच "दाखव बरं" म्हटलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मोठ्यांनी म्हणायचे सगळ्यांत सोपे दोन शब्द, "दाखव बरं". पण ऐन वेळी तेच आठवत नाहीत.

तक्त्यावरची पांढरी जागा आता भरली आहे. रंग सुमीनं निवडला. जांभळा.

करून पाहा

घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून हे करा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या पाहा. फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली असते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा, तर विचारावं लागतं. अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ॲप वापरताना, गरज पडेल तेव्हा, अशी परवानगी विचारली जाते. वहीत तीन रकाने आखा : ॲपचं नाव, त्यानं मागितलेली परवानगी, ती कामाला खरंच लागते का? कॅमेऱ्याच्या ॲपला कॅमेरा लागणारच. पण कोड्याच्या खेळाला तुमच्या ओळखीच्यांचे फोन नंबर कशाला हवेत? साल्टझर-श्रोडर यांचं तत्त्व लावा आणि ठरवा.

पालकांसाठी दोन शब्द

घरात किंवा दुकानात जुनं हिशेबाचं, टायपिंगचं किंवा शिक्षणाचं सॉफ्टवेअर असेल आणि नव्या संगणकावर ते अडत असेल, तर एवढं करा. आधी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवा. सॉफ्टवेअर "प्रोग्रॅम फाइल्स"च्या बाहेरच्या फोल्डरमध्ये बसवून पाहा. परवानगी द्यायची ती त्या एका फोल्डरची द्या. "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" हा उपाय रोजचा करू नका आणि विचारणारी चौकट बंद करू नका. नोंदी अचानक दिसेनाशा झाल्या, तर संगणक साफ करायला देण्याआधी प्रत्येक खात्यातलं व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहा. "ॲपडेटा" हा कप्पा एरवी लपवलेला असतो, तेवढं ध्यानात ठेवा. आणि मुलांनी त्या संगणकावर काही केलं असेल, तर त्यांना आधी विचारा. ओरडायला नंतरही वेळ असतो.

आता कोडं

आमच्या बाटलीत एका सकाळी ११२ मिलिमीटर पाऊस भरला होता. शाळेच्या अंगणाची लांबी २० मीटर, रुंदी १५ मीटर. तर त्या दिवसात अंगणावर किती लिटर पाणी पडलं? उत्तर पुढच्या तासाला. सुमीनं ते फळ्यावर आधीच सोडवून ठेवलंय, पण मी पुसणार नाही आणि सांगणारही नाही!

तुमची,
बाई